इंजिनिअर शेवटी बोलवा, सहीपुरता

व्यापारी संकुल बांधायला काढलंय? छान. आधी नाव ठरवा, दर्शनी काच ठरवा, लिफ्टमधला आरसा ठरवा. इमारतीचा सांगाडा वजन पेलेल का याचं गणित मांडणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नंतर बघू. त्याचं काम प्लास्टरखाली गाडलं जाणार, उद्घाटनाच्या फोटोत काही दिसायचं नाही.

हे शहाणपण मला गेल्या आठवड्यात मिळालं. मी असाच एक इंजिनिअर; एक गृहस्थ ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन माझ्या ऑफिसात आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "तपासायचं काही नाही हो, फक्त सही-शिक्का हवाय." तीन स्लॅब टाकून झाले होते. त्यांची पद्धत इतरांच्याही कामी यावी म्हणून हा लेखप्रपंच.

इंजिनिअर निवडताना एकच गोष्ट विचारा: फी. पात्रता, नोंदणी, असल्या इमारती आधी केल्यात का, हे विचारणं म्हणजे अपमान. वाटल्यास एवढं विचारा, "स्टील किती किलो बसेल?" नकाशा न उघडता जो सगळ्यात कमी आकडा सांगेल तो हुशार. "आधी नकाशा बघू द्या" म्हणणाऱ्याला अनुभव नाही, असं समजा.

माती परीक्षण नको. शेजारची इमारत उभी आहे ना?

वापर काय होणार हे तर मुळीच सांगू नका. ऑफिस म्हणा आणि मागून गोदाम करा. ऑफिसच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला साधारण अडीचशे ते चारशे किलो वापराचं वजन धरतात. तिथे कागदाचे गठ्ठे दोन मीटर उंच रचले की तोच चौरस मीटर टनाच्या वर जातो. पण स्लॅबला वजनकाटा थोडाच असतो! सिंगापूरमध्ये हॉटेल न्यू वर्ल्डच्या गणितात तर इमारतीचं स्वतःचं वजनच धरायचं राहिलं होतं. तरी ती सहा मजली इमारत बरीच वर्षं उभी होतीच की. १९८६ साली मिनिटभराच्या आत खाली बसली, ३३ माणसं गेली, ती गोष्ट वेगळी.

काँक्रीट घट्ट वाटलं तर पाण्याचा पाइप लावा, मिस्त्री खूश. ताकद तपासायला काँक्रीटचा नमुना ठोकळा, म्हणजे क्यूब, फोडायला २८ दिवस थांबतो कोण!

आणि कॉलम आडवा आला तर काढून टाका. आमच्या गृहस्थांच्या शोरूमच्या शटरसमोर तळमजल्यावर एक कॉलम येत होता. कंत्राटदार म्हणाला, काढू, वरचा बीम जरा जाड करू. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला, कौतुकाने. फुटिंगमधून, म्हणजे कॉलमच्या पायातून, वर आलेल्या सळया ग्राइंडरने लादीच्या पातळीला कापलेल्या, टोकं नाण्यासारखी चकचकीत. मी विचारलं, "याच्यावरचं वजन कुठे गेलं?" म्हणाले, "गेलं म्हणजे?"

गेलं म्हणजे शेजारच्या दोन कॉलमांवर गेलं, साहेब! त्यांच्या फुटिंगवर गेलं, ज्यांना हे कुणी कळवलेलं नाही. दोन कॉलमांमधलं पाच मीटरचं अंतर दहा मीटरचं झालं. अंतर दुप्पट झालं की बीममधला वाक आणणारा जोर चौपट होतो आणि त्याच मापाचा बीम असेल तर तो सोळापट लवतो. सोळापट! यावर उपाय काय, तर "जरा जाड". किती जाड? आत सळया किती, रिंगा किती अंतरावर? "कंत्राटदाराला माहीत असेल." त्याला विचारलं तर तो म्हणणार ड्रॉइंगप्रमाणे केलं, आणि ड्रॉइंगमध्ये तो कॉलम अजून उभा आहे. माझी सही हवी होती ती त्याच ड्रॉइंगवर.

सोलमध्ये साम्पुंग नावाचं मोठं दुकान होतं. सरकत्या जिन्यांसाठी जागा हवी म्हणून कॉलम काढले, पाचवा मजला चढवला, छतावर एसीची अवजड यंत्रं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलत नेली. आधीच्या कंत्राटदाराने हे बदल करायला नकार दिला तेव्हा त्यालाच घालवलं. १९९५ साली कोसळायच्या दिवशी सकाळपासून भेगा रुंदावत होत्या आणि विक्री चालू होती. ५०२ माणसं. त्यांतला एकही जण कॉलम काढायच्या बैठकीला नव्हता.

तुम्हाला काय वाटतं, सही म्हणजे काय? मी सही केली की कापलेल्या सळया जुळतात? तुमच्या तीन स्लॅबांच्या पोटात काय आहे हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि आता ते कळायला काँक्रीट फोडून बघावं लागेल. फी वाचवली म्हणता, आणि दर्शनी काचेचा नमुना तीनदा बदलता! उद्या तिथे गाळा घेणारा, कामाला येणारा, खरेदीला लेकरू घेऊन येणारा माणूस वर बघून बीमची खोली मोजणार आहे का? त्याने तुमच्यावर विश्वास टाकायचा, तुम्ही कंत्राटदारावर, आणि कंत्राटदाराने माझ्या शिक्क्यावर. लाज वाटायला हवी.

चौथ्या स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावलंय म्हणालात. थांबवा ते. त्या बीमखाली आजच टेकू द्या, तळमजल्यावर कुणाला फिरकू देऊ नका, आणि सगळं पहिल्यापासून तपासून घ्यायची तयारी असेल तर या, माझ्याकडे नाही तर दुसऱ्या कुणाकडे. गुंडाळी माझ्या टेबलावर पडून आहे. सही केलेली नाही.