मग मामाकडे राहिलेल्या आम्हालाही विकलं होतं का?

काका, मुंबईला घरकामाला नेलेल्या एका मुलीवर मी लेख लिहिला, हा मानवी व्यापारच आहे असं म्हटलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, मी कोकणाची बदनामी करतेय, पुरावा म्हणून मुलीचा फोटोही टाकला नाही, आणि तुम्ही स्वतः सातवीनंतर गिरगावात मामाकडे राहून पाणी भरलंत, दळणं आणलीत, 'मग आम्हालाही विकलं होतं का?'

नाही. तुम्ही गणपतीला घरी येत होतात. शिमग्याला पालखी नाचवायला येत होतात. मामाने हात उगारला असता तर आई मिळेल त्या एसटीने येऊन भांडली असती. आणि शाळेच्या पटावर नाव होतं.

त्या मुलीचं सांगते. कातकरी वाडीतली. भर पावसात हाताला काम नव्हतं तेव्हा बापाने मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घेतली: पुढच्या मजुरीवर आगाऊ पैसे. दिवाळीनंतर घरदार वीटभट्टीवर जायचंच होतं. त्याआधीच मुकादमाच्या ओळखीची एक बाई 'शिकवते, पोटभर जेवायला घालते' म्हणून पोरीला मुंबईला घेऊन गेली. पगार परस्पर उचलीत वळता. दोन गणपती गेले, पोर आली नाही. फोन लावला की 'बाहेर गेलीय'.

बापाने हो म्हटलं होतं, हे खरंच. पण मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याला पैसे देऊन त्याचा होकार मिळवायचा, हा मानवी व्यापाराचाच एक मार्ग म्हणून कायद्यात लिहिलाय. भारतीय न्याय संहिता, कलम १४३. जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ३७० होतं. मूल अठराच्या आतलं असेल तर किमान १० वर्षं सक्तमजुरी. पोरगी स्वतः हसत गाडीत बसली असली तरी फरक पडत नाही.

फोटो टाकणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही, आणि कायदा नसता तरी टाकला नसता. आपल्याकडे एका वाडीचं गुपित दुसऱ्या वाडीला चहा उकळेपर्यंत कळतं.

'१०९८ ला (मुलांसाठीच्या हेल्पलाइनला) कळवलं की पोरं बालगृहात खितपत पडतात' हा तुमचा मुद्दा मात्र मला लागला. सापडलेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. होतं तसंच असं नाही. पण उलटही घडतं: पोर घरी पोचते, उचल तशीच डोक्यावर, पुढच्या पावसात पुन्हा तीच बाई दारात. म्हणून नुसती सुटका पुरत नाही. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने असलं कर्ज रद्द होतं, हे बापाला कोणीतरी सांगायला हवं आणि प्रांताधिकाऱ्यांकडे त्याच्या मुक्तता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याच्या कागदासाठी, खेटे घालायला हवेत. तालुक्याला कामं टाकून खेटे कोण घालणार, हा प्रश्न उरतोच.

चौदाच्या आतलं मूल घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे. त्यावरच्या वयाचं प्रत्येक घरकाम म्हणजे तस्करी नव्हे. माझ्या लेखातलं एक वाक्य तसं वाचता येत होतं, ते आज दुरुस्त केलं. तुमच्यामुळे. मथळा तोच ठेवलाय.