४४६ बाइटांचा रेट

बूट लोडर म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना ऑपरेटिंग सिस्टिमला उठवणारा छोटा प्रोग्राम. हा प्राणी धड चालू असतो तोवर त्याला कुणी विचारत नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात तो रुसला, तेव्हा मात्र मालकांपासून पॅकिंगच्या मावशींपर्यंत सगळे सर्व्हरच्या दर्शनाला जमले.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क, एकीचा आरसा दुसरी. पहिली मेली. दुसरीवर सगळा हिशेब सुखरूप. पण मशीन म्हणतंय, बूट करायला डिस्कच नाही.

"डेटा हाय म्हणलालाव, मग चालू का होईना?" मालक.

मागांच्या खडखडाटात मी ओरडून सांगितलं : बायोस म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. जुन्या बायोसच्या मशीनमध्ये डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट महत्त्वाचे. त्यातले ४४६ बूट लोडरच्या पहिल्या तुकड्याचे. बायोस त्याला उठवतो, तो पुढच्या तुकड्याला, आणि तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला. आरसा केला होता पार्टिशनांचा, म्हणजे डिस्कवर आखलेल्या भागांचा. हे ४४६ बाइट पार्टिशनच्या बाहेर, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर ते कुणी घातलेच नव्हते. सगळं वऱ्हाड दारात, आणि हॉलची किल्ली वारलेल्या वॉचमनच्या खिशात!

मालकांनी मान हलवली. पटल्याची होती की काळजीची, कळलं नाही.

कीबोर्डमधला कापूस फुंकून काढला (एंटर दाबलं की वरच येत नव्हतं) आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स उठवलं. आता ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट लोडर, बसवायचा. हा गृहस्थ डिस्क शून्यापासून मोजतो, पार्टिशन मात्र एकपासून. त्याचा जुना अवतार दोन्ही शून्यापासून मोजायचा. लिनक्स डिस्कना ए, बी अशी अक्षरं देतं, आणि मेलेली काढल्यावर कालची बी आज ए होऊन बसते. अशा वेळी अक्षरावर नाही, साइजवर विश्वास ठेवावा. पेनड्राइव्हवरच ग्रब बसवून "झालं बघा" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत.

सेटिंगची तऱ्हा तर आणखी न्यारी. ग्रब जी फाइल वाचतो, तिच्या कपाळावरच लिहिलंय : ही फाइल बदलू नका. बदल करायचा दुसरीत, मग अपडेट-ग्रब चालवायचं, की तो पहिली पुन्हा स्वतः लिहून काढतो. हाताने केलेली दुरुस्ती गेली वाऱ्यावर. काय उठवायचं ते विचारणाऱ्या ग्रबच्या मेनूची मुदत पाच सेकंद होती. तिथला मॉनिटर डोळे उघडेपर्यंत मेनू येऊन जायचा. मी पंधरा केली.

"दहा सेकंद फुकट की ओ," मालक म्हणाले. दीड तास चहा, शेंगाचटणी आणि गप्पांत गेला होता, त्याचं काही नाही.

नवी डिस्क आली, तिच्यावरही ग्रब बसवला. मशीन उठलं, मेनू झळकला. मालक वाकून बघू लागले. "ह्यातलं भारी कुठलं?"

"पहिलंच."

मग बिल दिलं. मालकांचा सगळा धंदा वजनावर. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "४४६ म्हणलाव न्हवं?" भागाकार केला, आकडा मला दाखवला.

"बाइटला लई रेट लावलाव की ओ!"

म्हटलं, मालक, जीएसटी धरून आहे.