कर वाचवावा आणि भरावाही

कर वाचवायचा असेल तर पहिला नियम असा, की मार्च उजाडेपर्यंत त्याचा विचारही मनात आणायचा नाही. एप्रिलमध्ये ऑफिसातून मेल येतो, 'जुनी करप्रणाली की नवी, ते कळवा.' तो उघडू नका. जानेवारीत पुरावे मागणारा मेल लाल अक्षरांत येतो, तोही नको. अगदी शेवटच्या दिवशी शेजारच्या टेबलावर वाकून विचारा, "तू काय टाकलंस?" तो म्हणेल, "जुनी. तिच्यात सूट मिळते." की तुम्हीही जुनी टाका. त्याने गेल्या वर्षी तुमच्याकडे बघून टाकली होती, हे विसरा.

'सूट' हा शब्द महत्त्वाचा. कर किती भरला, हे कुणी कुणाला विचारत नाही. वाचवला किती, एवढंच विचारतात. समजा, तुमचा पगार वर्षाला ९ लाख आहे. २०२५-२६ या वर्षासाठी जुनी प्रणाली घेतलीत, ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि ८०सी कलमात सूट मिळणाऱ्या गुंतवणुकीचे पूर्ण दीड लाख वजा केलेत, तर ७ लाख उरले. त्यावर सेस, म्हणजे करावरचा उपकर, धरून कर झाला ५४,६०० रुपये. ८०सी नसती तर ८५,८०० झाला असता. म्हणजे चक्क ३१,२०० वाचवले! पेढे वाटण्याइतकी रक्कम आहे.

याच पगारावर नव्या प्रणालीत कर शून्य होतो. ७५ हजारांची वजावट आपोआप मिळते आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करमाफी, आहे, त्यामुळे एक पैसा न गुंतवता काम भागतं. पण त्यात मजा काय? जिथे कर लागतच नाही तिथे वाचवणार काय, आणि जेवताना सांगणार काय?

तर दीड लाख भरायचे आहेत. इथे सावध राहा. पगारातून कापला जाणारा तुमचा पीएफ याच दीड लाखात मोजला जातो. मुलांची ट्यूशन फी मोजली जाते, गृहकर्जाच्या हप्त्यातली मुद्दलही. ही बेरीज चुकूनही करू नका. केलीत तर दीड लाख कधीच भरून गेलेत असं निघू शकतं, आणि मग मार्चच्या शेवटच्या रविवारी घरी येणाऱ्या पाहुण्याला काय तोंड दाखवणार?

पाहुणा म्हणजे बायकोचा मावसभाऊ. एरवी लग्नकार्यात भेटतो, मार्चमध्ये मात्र चपला काढता काढताच "दाजी, तब्येत काय म्हणते?" असं विचारतो. तब्येतीची चौकशी धंद्याचा भाग आहे. चहा येईपर्यंत विमा पॉलिसीचा फॉर्म बाहेर निघालेला असतो. कुठे सह्या करायच्या तिथे त्याने पेन्सिलीने बारीक फुल्या मारून आणलेल्या असतात. "वाचायचं काही नाही, दाजी. फुली दिसली की सही ठोका. एकतीसच्या आत हप्ता पडला पाहिजे, नाहीतर सगळं सरकारच्या घशात." वाचायला लागलात तर स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्त वाजू लागतात. माझ्याकडे अशा तीन पॉलिसी आहेत. तिन्हींवर माझी सही सुरेख आली आहे.

हप्ता वर्षाला ५० हजार, मुदत २० वर्षं. शेवटी हातात, समजा, १८ लाख ४० हजार. दहाचे अठरा झाले! पाहुणा हे आकडे फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितो आणि खाली दोन रेघा ओढतो. त्या रेघांकडे बघा, टक्केवारीकडे नको. ती साडेपाच भरते. तेच ५० हजार दरवर्षी पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकले असते, आणि एप्रिल २०२० पासून चालत आलेला ७.१ टक्के दर टिकला असता, तर २० वर्षांत २२ लाखांच्या वर गेले असते. पण पीपीएफ तुमच्या घरी येऊन चहा पीत नाही. बायकोच्या माहेरी तो तुमच्याबद्दल चांगलं बोलतही नाही.

शिवाय विमा आहेच ना! हप्त्याच्या दहापट, म्हणजे ५ लाखांचं संरक्षण. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर घरच्यांना तुमचा सात महिन्यांचा पगारसुद्धा भरून निघणार नाही. फार तर पॉलिसीवर तोवर जमलेल्या बोनसची भर पडेल. कुणी शहाणा टर्म इन्शुरन्सचं नाव काढेल. त्याला बजावून सांगा, त्यात मेल्याशिवाय काही मिळत नाही, आणि तुमचा सध्या तसा विचार नाही.

पॉलिसीचं जाडजूड पाकीट घरी आलं की लग्नाच्या अल्बमखाली ठेवा. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत, पटली नाही तर परत करता येते, असं आत छापलेलं असतं. म्हणून पाकीट एकतिसाव्या दिवशी फोडावं. पहिल्या एक-दोन वर्षांत मोडायला गेलात तर भरलेलेही पुरते परत मिळत नाहीत, हेही त्याच दिवशी वाचावं.

आमच्या ऑफिसातले एक जण घरभाड्यावरची सूट घ्यायला भाड्याच्या पावत्या करतात. वर्षाला लाखाच्या वर भाडं दाखवलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून त्यांचं भाडं महिन्याला बरोबर ८,३३३. बारा महिन्यांच्या बारा पावत्या, एकाच बैठकीत, एकाच पेनाने. ऑगस्टच्या पावतीवर चहाचा डाग पडला तो सप्टेंबरलाही उमटला. गृहस्थ स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात.

जुलैमध्ये रिटर्न भरायला जा. तारीख वाढेल या आशेने थांबलात तरी हरकत नाही; २०२५ मध्ये ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर आणि तिथून आणखी एका दिवसाने सरकली होतीच. रिटर्न भरणारा मुलगा स्क्रीन तुमच्याकडे वळवेल. दोन रकाने दिसतील: जुनीत ५४,६००, नवीत शून्य. "काका, अजून बदलता येतंय. नवी टाकतो. पगारातून कापलेला कर, टीडीएस, सगळा रिफंड येईल."

त्याचा हात वेळीच धरा.

"अरे, थांब. नवी घेतली तर पॉलिसी फुकट जाईल की!"