‘पोपटपंची’ म्हणणाऱ्यांनी पोपट नीट पाहिलाय का?

परवा एका चर्चेत कुणीतरी समोरच्याला ‘ही नुसती पोपटपंची’ म्हणून गप्प बसवलं. मला मात्र वाईट वाटलं ते पोपटाचं.

कारण रानातला पोपट सहसा कुणाची नक्कल करत नाही. त्याचं आपलं एकच, कान किटवणारं ‘कीऽक कीऽक’. थव्यात राहायचं तर थव्याची बोली यावी लागते, म्हणून आवाज उचलायची ताकद त्याच्याकडे असते. पिंजऱ्यात एकटा पडला की तो समोरच्या माणसांनाच थवा समजतो आणि त्यांची बोली उचलतो. ‘मिठू मिठू’चं आपल्याला केवढं कौतुक! मला ते ऐकवत नाही.

दुसरा गैरसमज गळ्यातल्या पट्ट्याचा. काळा-गुलाबी कंठ दिसला तर नर, नाहीतर मादी, असं सरसकट सांगतात. पण नराला कंठ फुटायलाच तीनेक वर्षं लागतात. तोवर तो मादीसारखाच दिसतो. लांबीला साधारण ४० सेंटिमीटर, त्यातली निम्मी तरी शेपटीच. आणि तो हिरवा रंग? पिसात हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिवळं रंगद्रव्य आणि पिसाच्या रचनेमुळे परतणारा निळा प्रकाश, दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं.

जोडीत चालतं मादीचं. विणीच्या आधी ती डोळे फिरवते, मान डोलवते. नर ताठ होऊन एक पाय उचलतो आणि अन्न उलटून तिला भरवतो. एरवीही खाण्यावरून वाजलं तर बहुधा तोच बाजूला सरकतो. कंठ त्याच्या गळ्यात, रुबाब तिचा.

चोच म्हणजे तर तिसरा पायच. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. फांदी चढताना आधी चोच रोवायची, मग पाय. खाताना एका पायात फळ धरून दोन चावे घ्यायचे आणि द्यायचं टाकून, की पुढचं फळ. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला विचारा पोपट किती गोड असतो ते. त्याच्या शिव्या मला रास्त वाटतात. पक्षी आवडणाऱ्यांनी त्याच्यापुढे भूतदयेची प्रवचनं झोडू नयेत.

पण म्हणून ढोलीतली पिल्लं काढून विकायची? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी धरणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. ‘आमचा मिठू दार उघडं ठेवलं तरी जात नाही’ असं सांगणाऱ्यांनी आधी त्याचे पंख छाटलेले आहेत का ते सांगावं.

ढोलीचंच बघा. पोपट घरटं विणत नाही. तांबटाने किंवा सुतार पक्ष्याने सोडलेलं भोक रुंद करून घेतो, नाहीतर जुन्या भिंतीतली खबदाड गाठतो. आणि आपण वाळकं झाड दिसलं की आधी कुऱ्हाड काढतो.

थंडी सरत आली की असं एखादं वठलेलं खोड जरा लांबूनच न्याहाळत बसा. बऱ्याच वेळाने भोकातून लाल चोच आणि एक फिकट डोळा बाहेर येतो. अंडी मादीच उबवते, साधारण तीन आठवड्यांहून थोडं जास्त. त्या काळात खाऊ घेऊन यायचं काम नराचं. त्याला उशीर झाला तर ती आतूनच ओरडते.