डायलिसिसवर असलेल्यांना ‘चालवू नका’ म्हणणारा मेसेज

‘डायलिसिस सुरू झालं की पाय जातातच. मशीन रक्ताबरोबर ताकदही ओढून घेतं. पेशंटला चालवू नका, पडून राहू द्या. पायात गोळे आले तर पोटॅशियम कमी झालंय, फळांचा रस द्या.’ असा मेसेज फिरतोय. त्यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

किडनी निकामी झालेल्याच्या अंगात पोटॅशियम बहुतेकदा साचतं. ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. वर, वाढलेल्या पोटॅशियमनेच पाय एकाएकी गळून जाऊ शकतात. डायलिसिस चुकलंय आणि असं झालं, तर रस काढत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मशीनवर असताना पोटरीत गोळे येतात ते बहुधा पाणी भराभर काढल्यामुळे, तेही शेवटी शेवटी. दोन डायलिसिसमध्ये तीन-चार किलो वजन वाढवून आलं, की तेवढं पाणी चार तासांत काढावं लागणारच! मधल्या दिवसांत मीठ-पाणी आवरायचं आणि ‘ड्राय वेट’ (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) बरोबर ठरलंय ना, हे डॉक्टरांना विचारायचं.

‘मशीन ताकद ओढतं’ यात थोडं तथ्य आहे. मशीनवरच्या एका डायलिसिसमध्ये (हिमोडायलिसिस) साधारण 6 ते 8 ग्रॅम अमिनो आम्लं निघून जातात. म्हणून तर आधी कमी करायला लावलेली प्रथिनं आता वाढवायला सांगतात, दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम. पण स्नायू झिजायला लागतात ते डायलिसिसच्या कितीतरी आधी. रक्तातलं वाढलेलं आम्ल, मेलेली भूक, मंदावलेली हालचाल. मधुमेह असेल तर खराब झालेल्या नसा. मशीन शेवटी येतं आणि आळ त्याच्यावर जातो.

राहिला आराम. इटलीत डायलिसिसवरच्या 296 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2017 मध्ये छापून आले. साधारण निम्म्यांना घरीच चालायला सांगितलं होतं, डायलिसिस नसलेल्या दिवशी, 10-10 मिनिटं दोनदा, ठरवून दिलेल्या वेगाने. सहा महिन्यांनी ते सहा मिनिटांत सरासरी 328 ऐवजी 367 मीटर चालू लागले. बाकीचे 321 वरून 324, म्हणजे होते तिथेच. खुर्चीतून पाचदा उठायलाही चालणाऱ्यांना दोनेक सेकंद कमी लागू लागली. आकडे किरकोळ वाटतील, पण बाथरूमपर्यंत जायला ज्याला हात धरावा लागतो, त्याला विचारा.

चालण्याने किडनी बरी होत नाही, तसं कुणी म्हणतही नाही. आणि चालायचं तेही डॉक्टरांना विचारूनच. डायलिसिस संपल्या संपल्या बीपी पडलेलं असू शकतं. थोडा वेळ पाय खाली सोडून बसावं, मग उठावं. जांघेत कॅथेटर (डायलिसिससाठी बसवलेली नळी) असेल तर पाय दुमडायचे व्यायाम नकोत. चालताना छातीत दुखलं किंवा दम लागला तर तिथेच थांबायचं. पोटरी चालताना दुखते आणि थांबलं की दुखणं थांबतं, असं होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या. तळवे बधिर झालेत? मग चप्पल चावलेली कळणार नाही, रोज डोळ्यांनीच बघावं लागेल.