नागपूरचं ऊन एका साइनमध्ये मावत नाही

त्रिकोणमिती शिकणाऱ्या मुलांच्या गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्यातला दावा असा: नागपूरचं सरासरी कमाल तापमान मे महिन्यात ४३ अंश असतं आणि डिसेंबर-जानेवारीत २९. बेरजेचं निम्मं ३६, फरकाचं निम्मं ७, शिखर मेमध्ये. साइन, म्हणजे ठरावीक काळाने सारखीच वर-खाली होणारी लहर, वापरली की झालं सूत्र तयार: त = ३६ + ७ साइन(३०(म − २)). इथे त म्हणजे तापमान, म म्हणजे महिन्याचा क्रमांक, आणि कोन अंशांत. यातून कुठल्याही दिवसाचं तापमान काढा, आवर्तकाल (लहरीचा एक फेरा पूर्ण व्हायला लागणारा वेळ) २४ तासांचा केला की कुठल्याही तासाचंही.

मे आणि डिसेंबरचे आकडे बरोबर आहेत. चुकलं आहे ते त्यांच्यापासून सूत्रापर्यंत जाताना.

आधी "दोन आकडे पुरतात" हे तपासू. सूत्रात म = ७ घाला: ३६ + ७ साइन १५० = ३९.५. जुलैत नागपूरचं सरासरी कमाल तापमान ३२ च्या आसपास असतं. म्हणजे साडेसात अंशांची चूक, तीही कूलर बंद करून छत्र्या काढलेल्या महिन्यात. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचे सरासरी कमाल आकडे पूर्णांकात असे आहेत: २९, ३२, ३६, ४०, ४३, ३८, ३२, ३०, ३२, ३३, ३१, २९. यांची सरासरी ३३.८ येते, ३६ नाही. साइनचा आलेख मध्यरेषेच्या वर आणि खाली सारखाच वेळ काढतो, म्हणून तिथे टोकाच्या दोन आकड्यांचा मध्य हाच वर्षाचा मध्य असतो. इथे ३६ च्या वर फक्त एप्रिल, मे आणि जून आहेत.

मग आयाम (लहर मध्यापासून किती वर-खाली जाते) आणि कला (तिचं शिखर कधी येतं) नीट बसवली की एकच साइन चालेल, हा पुढचा युक्तिवाद. तोही करून पाहू. बाराही आकडे वापरून उत्तम बसणारी एकेरी लहर येते ती ३३.८ + ४.९ कोसाइन(३०म − १४६); कोसाइन म्हणजे सरकवलेली साइनच. मे महिन्याला ती ३८.६ देते, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा चार अंशांहूनही जास्त कमी. जुलैला ३५.९, म्हणजे जवळपास चार अंश जास्त. ऑक्टोबरला २९.४, प्रत्यक्षात ३३. ऑक्टोबर हीटचा तिला पत्ताच नाही.

कारण आकाशात आहे. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या आत. सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. पण दुसऱ्या वेळी ढग असतात, जमीन ओली असते आणि उन्हाची बरीच उष्णता पाणी वाफ करण्यात जाते. जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि पारा उतरतो. पाऊस सरला की पुन्हा थोडा चढतो. वर्षात दोन चढ असतील, तर सहा महिन्यांच्या आवर्तकालाची दुसरी लहर लागणारच. कर्कवृत्तापासून बऱ्याच उत्तरेला, पावसाळा-उन्हाळा असा तुटक बदल नसलेल्या गावी एक साइन छान बसते. पुस्तकांतली उदाहरणं बहुधा तशीच असतात.

दुसरी लहर काढणं अवघड नाही. प्रत्येक महिन्याच्या आकड्याला साइन(६०म) ने गुणा, बारा गुणाकारांची बेरीज करा, सहाने भागा: उत्तर −३.५. तेच कोसाइन(६०म) ने करा: −०.२, सोडून द्या. आता सूत्र असं:

त = ३३.८ + ४.९ कोसाइन(३०म − १४६) − ३.५ साइन(६०म)

जुलै ३२.९, ऑगस्ट ३०.४, ऑक्टोबर ३२.४, मे ४१.७. बाराही महिन्यांत चूक दीड अंशाच्या आत. दुसऱ्या लहरीचा आयाम पहिलीच्या ७० टक्के आहे. तिला किरकोळ दुरुस्ती म्हणता येणार नाही.

"कुठल्याही दिवसाचं तापमान" हा दावा तर सोडूनच द्यावा. हे आकडे अनेक वर्षांच्या सरासरीचे आहेत. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. सरासरीवर बसवलेली कुठलीही लहर तो आकडा देणार नाही.

तासांचं सूत्र वेगळ्या कारणाने चुकतं. मेमध्ये किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास, साडेपाचला. कमाल दुपारी अडीच-तीनला. चढायला ९ तास, उतरायला १५. साइन दोन्हींना १२ देते, त्यामुळे अडीचला शिखर ठेवलं की तळ पहाटेऐवजी रात्री अडीचला जातो. उपाय म्हणजे दोन तुकडे. किमान २८, कमाल ४३ धरा. व म्हणजे २४ तासांच्या घड्याळातली वेळ, साडेपाच म्हणजे ५.५. चढताना ३५.५ − ७.५ कोसाइन(२०(व − ५.५)), उतरताना ३५.५ + ७.५ कोसाइन(१२(व − १४.५)). २० आणि १२ हे आकडे १८० ला ९ आणि १५ ने भागून आले. मध्यरात्रीनंतर व मध्ये २४ मिळवायला विसरू नका.

आणि एक सापळा, ज्यामुळे मूळ सूत्र काहींना "बरोबर" वाटलं असेल. एक्सेलचं साइन फंक्शन कोन अंशांत नव्हे, तर रेडियन या दुसऱ्या एककात धरतं. मजकुरातलं सूत्र तसंच टाकलं तर मे महिन्याला ४२.३ येतं आणि जुलैला ३१, दोन्ही खऱ्या आकड्यांच्या जवळ, निव्वळ योगायोगाने. एप्रिल घालून पाहा: ३३.९ येतं, जिथे ४० हवेत. अंशांचे रेडियन करून मगच साइन घ्या, आणि तपासणी दोन महिन्यांवर न थांबवता बाराही महिन्यांवर करा.