फी माफ आहे, मग मदत कसली?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हल्ली एक युक्तिवाद फार फिरतो. मूळ इंग्रजी, मग कोणीतरी मराठीत आणलेला, खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. त्याचा गोषवारा असा: कम्युनिटी कॉलेजची (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजची) फी नगण्य असते आणि गरिबाची तीही सरकार भरतं. तरीही ही मुलं अर्ध्यावर सोडतात, म्हणजे खोट त्यांच्यातच आहे. त्यांच्यासाठी ॲडव्हायजर, ट्यूटर, बसचा पास, फूड पँट्री (गरजूंना फुकट धान्य-खाणं देणारी खोली) हे लाड म्हणजे करदात्याच्या पैशाची उधळपट्टी, आणि त्याचा उपयोग होतो हे कुणी सिद्धही केलेलं नाही. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो तेव्हा आमचा हात कोणी धरला होता? शिवाय हे सगळं विशिष्ट वंशांच्या लोकांसाठीच चालतं. आणि आता तर त्याची गरजही उरलेली नाही.

रोख मुख्यतः ‘ट्रायो’वर आहे, म्हणजे गरीब आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना आधार देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनांवर. लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेत १९६४ साली ‘अपवर्ड बाउंड’ आलं, पाठोपाठ ‘टॅलेंट सर्च’, आणि १९६८ साली तिसरी योजना, जिला आज ‘स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस’ म्हणतात. तीन म्हणून ट्रायो. पुढे योजना वाढल्या, नाव तेच राहिलं. यातली तिसरी योजना कॉलेजात पोचलेल्या मुलांसाठी आहे, तेव्हा इथे प्रामुख्याने तिच्याबद्दल आणि तिच्यासारख्या इतर प्रयोगांबद्दल.

फीपासून सुरुवात करू, कारण तिथे हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. २०२४-२५ साली कम्युनिटी कॉलेजची स्थानिक विद्यार्थ्यासाठीची सरासरी फी वर्षाला ४,०५० डॉलर होती आणि पेल ग्रँट, म्हणजे गरीब विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून मिळणारी मदत, जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. आमच्या न्यू जर्सीत तर ६५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलांची कम्युनिटी कॉलेजची फी राज्याच्या अनुदानातून माफ होते. म्हणजे पेलमधून फी भरून वर तीनेक हजार उरतात, बरोबर. पण घरून ये-जा न करता भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचा भाडं, जेवण, प्रवास आणि पुस्तकं धरून वर्षाचा खर्च वीस हजारांच्या वर जातो. उरलेले पैसे कुठून येतात? वॉलमार्टच्या किंवा ॲमेझॉनच्या गोदामातल्या पाळीतून. तिथे पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक या आठवड्यात कळतं, आणि केमिस्ट्रीची लॅब मात्र मंगळवारी दुपारीच असते.

खाण्याचंही तसंच. गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत, फूड स्टँप, म्हणजे ‘स्नॅप’. निम्म्या किंवा जास्त वेळाच्या कॉलेज विद्यार्थ्याला ते मिळवायचे तर आठवड्याला २० तास काम करावं लागतं, किंवा नियमांतल्या एखाद्या अपवादात बसावं लागतं. २०१८ साली अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने आकडे काढले: सुमारे ३३ लाख गरजू विद्यार्थी स्नॅपला पात्र असावेत आणि त्यांतल्या १८ लाखांनी मदत मिळाल्याचं सांगितलंच नव्हतं. मदत कागदावर होती. आपण कोणत्या अपवादात बसतो हे सांगणारं कुणी शेजारी नव्हतं.

इथे पुढचा मुद्दा येतो: हुशार मूल आपली वाट आपण काढतं.

मला या वाक्याचा राग येतो, कारण ते बोलणाऱ्यांच्या घरी मुलांची वाट कशी काढली जाते ते मी पाहतो. समजा एक मुलगी आहे. तिच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. सत्राच्या पाचव्या आठवड्यात आई आजारी पडते, गाडी बंद पडते, मुलगी वर्गात जाणं थांबवते. कुणाला काही कळवायचं असतं हे तिला माहीत नाही. फेडरल नियम असा की सत्राचा ६० टक्के काळ पुरा व्हायच्या आत विद्यार्थी सोडून गेला तर मिळालेल्या आर्थिक मदतीचा न कमावलेला भाग परत करावा लागतो. कॉलेज तो सरकारला परत करतं आणि त्याचं बिल मुलीच्या नावावर लावतं. वर प्रत्येक विषयात एफ, म्हणजे नापास. ते बिल थकलं की पुढच्या सत्राची नोंदणी अडते. एफ जमले की ‘समाधानकारक प्रगती’ची अट मोडते आणि पेल ग्रँटही थांबते. चार आठवड्यांच्या अडचणीने एका हुशार मुलीचं कॉलेज संपलं, आणि आकडेवारीत तिची नोंद ‘गळती’ अशी झाली.

हेच आपल्या ओळखीतल्या घरात घडलं असतं तर? बाप पहिल्याच संध्याकाळी म्हणाला असता, ‘दोन विषय ड्रॉप कर, तारीख अजून गेलेली नाही, आणि डीनला मेल टाक.’ एवढंच. त्या एका वाक्यासाठी घरात कुणीतरी पदवीधर लागतो. स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेसमधला ॲडव्हायजर मुख्यतः हेच वाक्य बोलायला बसलेला असतो. आर्थिक मदतीसाठीचा फॅफ्साचा फॉर्म भरून घेणं, कोणता गणिताचा कोर्स पुढच्या विद्यापीठात धरला जाईल हे बघणं, प्रोफेसरला भेटायला जायचं असतं आणि त्यात लाज नसते हे सांगणं. याला लाड म्हणायचं असेल तर आपल्या मुलांचे किती झाले याचा हिशेब आधी मांडू या. एसएटीचा क्लास, निबंध तपासायला ठेवलेला सल्लागार, इंटर्नशिपसाठी काकाच्या कंपनीत टाकलेला शब्द.

आता दोन बॅगा. हा मुद्दा आपल्याच लोकांचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर बोलतो.

आमची पिढी आली ती बहुतेक आयआयटी, सीओईपी, व्हीजेटीआय, नाहीतर एखाद्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजातून. त्या शिक्षणाचा खरा खर्च आमच्या फीमधून कधीच निघत नव्हता. तो भारतातल्या करदात्याने भरला होता, त्यातले बरेच जण स्वतः कॉलेजात न गेलेले. होस्टेल होतं, मेस होती. जीआरईची पुस्तकं आदल्या बॅचने ठेवून दिलेली. कुठल्या विद्यापीठात असिस्टंटशिप मिळते याची यादी सिनियरांकडे तयार. विमानतळावर न्यायला भारतीय विद्यार्थी संघटनेचा कुणीतरी उभा, आणि पहिले काही दिवस त्याच्याच दिवाणखान्यात गादी. बॅगा दोनच होत्या हे खरं. त्या भरल्या कुणी हे सांगायचं राहून जातं. आणि आमच्यातल्या बहुतेकांचे आईवडील शिक्षक, बँकेत, सरकारी नोकरीत. शिक्षणाच्या बाबतीत आम्ही पहिल्या पिढीचे नव्हतो.

आमच्या आधीची पिढी मात्र होती, आणि तिला आधार मिळाला होता. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करायला पाठबळ दिलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. (योगायोग असा की अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज, इलिनॉयमधलं जोलिएट, त्याच वर्षीचं.) कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा शाळेइतकाच, किंबहुना जास्त, जोर बोर्डिंगवर होता. पोरं शाळेत येतील, पण राहतील कुठे आणि खातील काय हा त्यांचा प्रश्न होता. बोर्डिंगमधल्या पोरांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ‘कमवा आणि शिका’ त्याच मुशीतलं. नंतर यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी सवलत (आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी) आली आणि खेड्यापाड्यातली पोरं कॉलेजात दिसू लागली. आज न्यू जर्सीत बसून हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या कित्येकांचे आजोबा-वडील याच रस्त्याने शहरात आले. फूड पँट्रीला हसताना निदान एवढं आठवावं.

‘उपयोग सिद्ध झालेला नाही’ हे सरळ चूक आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्ण वेळ शिकायची अट, फी आणि मदत यांतली तूट भरून देणं, पुस्तकं, आणि ॲडव्हायजर असा की ज्याच्याकडे ६० ते ८० विद्यार्थी असतील. एरवी तिथे एका ॲडव्हायजरकडे ६०० ते १,५०० असत. बस-मेट्रोचा पास फुकट, पण तो कार्यक्रमात नियमाने सहभागी होणाऱ्यालाच. ही अट मला फार आवडते: भेट टाळली की बसचा पास गेला. ‘आयतं देता’ म्हणणाऱ्यांनी ती बघावी. २०१० पासून एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विद्यार्थ्यांची दोन गटांत वाटणी करून तपासणी केली. पात्रता सारखी, परिस्थिती सारखी; तीन वर्षांनी असॅपमधले ४० टक्के कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीपर्यंत (असोशिएट डिग्री) पोचले, बाहेरचे २२ टक्के. न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी असं कुणी म्हणेल, म्हणून ओहायोतल्या तीन कॉलेजांत तेच केलं: ३५ विरुद्ध १९. तिथे सहा वर्षांनी कमाईतही फरक दिसला.

टेक्सासमध्ये फोर्टवर्थला आणखी एक प्रयोग झाला, ‘स्टे द कोर्स’. तिथे एका गटाला समाजकार्यकर्त्यासारखा सोबती आणि अडीनडीला पैसे, दुसऱ्या गटाला नुसते अडीनडीचे पैसे, तिसऱ्याला काहीच जादा नाही. पहिल्या गटातल्या मुलींचं असोशिएट डिग्री मिळवण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट झालं. नुसते पैसे मिळालेल्यांत फरक पडला नाही. सोबती मिळालेल्या मुलग्यांमध्येही पडला नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. कोणती मदत कोणाला लागू पडते याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं येणार. पण ‘द्यायचेच तर रोख द्या, माणसं कशाला नेमता’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा निकाल अवघड आहे.

ट्रायोच्या सगळ्या शाखांची प्रगतिपुस्तकं अशी छान नाहीत, हेही मान्य. शाळकरी मुलांसाठीच्या अपवर्ड बाउंडच्या राष्ट्रीय अभ्यासात एकूण कॉलेजप्रवेशावर ठळक परिणाम आढळला नाही, आणि त्या अभ्यासाच्या पद्धतीवरून आजही भांडण चालू आहे. एखादी शाखा कमी पडत असेल तर ती सुधारा, तपासा, हवं तर असॅपच्या धर्तीवर बदला. त्यावरून सगळंच बंद करण्यापर्यंत उडी मारता येत नाही.

उधळपट्टीचा हिशेब छोटा आहे. संपूर्ण ट्रायोवर वर्षाला सुमारे १.२ अब्ज डॉलर जातात. असॅप बराच महाग आहे: तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे जवळपास १६,३०० डॉलर जादा. पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च नेहमीपेक्षा ११ टक्क्यांहून अधिक घटला. स्वस्तात शंभर जणांना प्रवेश देऊन ७८ जणांना रिकाम्या हाताने बाहेर पाठवणं, याला काटकसर म्हणणारा माणूस आपल्या धंद्यात असा हिशेब चालू देणार नाही.

वंशाबद्दल एकच: स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेसच्या पात्रतेत वंश नाहीच. आईवडिलांपैकी कुणाकडेही बॅचलर डिग्री नसणं, कुटुंबाचं करपात्र उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या आत असणं, किंवा अपंगत्व. चौघांच्या कुटुंबासाठी २०२५ साली ती दीडपट ४८,२२५ डॉलर येत होती. ॲपलेशियातल्या खाणकामगाराची गोरी मुलगी यात बसते आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किराणा दुकानात गल्ल्यावर उभं राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या आपल्याकडच्या बाईचा मुलगाही.

राहिला ‘आता गरज उरली नाही’ हा मुद्दा. तो फक्त फिरत्या मजकुरात नाही. २०२५ च्या मे महिन्यात व्हाइट हाउसने पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात ट्रायो गुंडाळायची शिफारस केली ती याच कारणाने, की गरिबांना कॉलेजात प्रवेश मिळणं ही आता पूर्वीसारखी अडचण राहिलेली नाही. प्रवेशाचं खरं आहे. कम्युनिटी कॉलेज प्रवेश नाकारत नाहीच. पण तिथे येणाऱ्या दर दहांतल्या आठांना पुढे बॅचलर डिग्री हवी असते. चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर होतात एक तृतीयांशाच्या आसपास. आणि सहा वर्षांत बॅचलर डिग्री हातात पडते ती १६ टक्क्यांच्या. सगळ्या प्रकारच्या कॉलेजांतली ट्रान्सफर धरली तर त्यात सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात असा हिशेबतपासणी कार्यालयाचा २०१७ चा अंदाज आहे, म्हणजे शिकलेलं आणि पैसे भरलेलं पुन्हा शिकायचं, पुन्हा भरायचं. कुठला कोर्स पुढे धरतील हे आधी विचारायला कुणी सांगितलं असतं तर त्यातले बरेच वाचले असते.

आणि ज्यांचा हात धरला जातो म्हणून एवढा त्रागा चालला आहे, ती मुलं आहेत तरी किती? कॉलेजात दहा-पंधरा हजार विद्यार्थी असले तरी स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेसच्या एका प्रकल्पात साधारण दीड-दोनशे जागा असतात. पात्र असलेल्या बाकीच्यांना तो ॲडव्हायजर कधी भेटतच नाही.